वेकअप-सोर्स लिहिलंय, पण उठवणार नक्की कोणता इंटरप्ट?

बिनपगारी कर्नल (मंगळवार, रात्री ११.४०)

मंडळी, तीन आठवडे डोकं पिकवून झालं, आता धागा काढतोय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपसाठी पाण्याच्या टँकरवर बसवायचा ट्रॅकर करतोय. बोर्डावर लिनक्स. टँकर उभा राहिला की बोर्डानं सस्पेंडमध्ये, म्हणजे झोपेत, जायचं, हलला की ॲक्सेलरोमीटरनं (हालचाल ओळखणारी चिप) त्याला उठवायचं. एवढंच काम. ॲक्सेलरोमीटर आय-टू-सी बसवर (चिपा जोडणाऱ्या दोन तारा) आहे आणि त्याला इंटरप्टच्या, म्हणजे प्रोसेसरला 'इकडे बघ' सांगणाऱ्या, दोन पिना आहेत, इंट१ आणि इंट२. सर्किट ज्यानं काढलं त्यानं दोन्ही प्रोसेसरला जोडल्यात. इंट१ जीपीआयओच्या (प्रोसेसरच्या सर्वसाधारण पिना) एका बँकेवर, म्हणजे गटावर, इंट२ दुसऱ्या.

डिव्हाइस ट्रीत (बोर्डावर काय कुठे जोडलंय हे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगणारी फाइल) चिपचा नोड लिहिला, दोन्ही इंटरप्ट दिले आणि वेकअप-सोर्स, म्हणजे 'हे उठवू शकतं', ही प्रॉपर्टी टाकली. आता गंमत बघा. /सिस/पॉवर/मेम_स्लीप मध्ये 'एस२आयडल' (हलकी झोप) निवडलं आणि बोर्डाला टिचकी मारली, की ताडकन उठतं. 'डीप' (गाढ झोप) निवडलं की दगड. टिचक्या मारा, टेबल हलवा, बोर्ड घेऊन जिना उतरा, ढिम्म. डीप मुळात बिघडलंय असंही नाही, कारण आरटीसीवेक (घड्याळाच्या चिपला गजर लावणारी कमांड) वापरून २० सेकंदांचा गजर लावला तर बरोब्बर विसाव्या सेकंदाला उठतं.

ॲक्सेलरोमीटरचं बाइंडिंग डॉक्युमेंट (त्या चिपचा नोड कसा लिहायचा याचे नियम) उघडलं. त्यात लिहिलंय: इंटरप्ट्स, एक किंवा दोन. वेकअप-सोर्स, चालेल. संपलं. दोनांपैकी कोणता उठवतो याबद्दल चकार शब्द नाही.

---

ओली भेळ (मंगळवार, रात्री ११.५२)

बोर्ड पुण्याचं आहे ना? मग दुपारी १ ते ४ मध्ये टिचकी मारली असणार.

---

बिनपगारी कर्नल (मंगळवार, रात्री ११.५४)

हा विनोद येणार हे धागा काढतानाच माहीत होतं. पंधरा मिनिटं लागतील असं वाटलं होतं, बारातच आला.

---

चढती कड (बुधवार, सकाळी ७.१५)

सोपं आहे. ड्रायव्हरमध्ये (चिप चालवणारा कोड) इंटरप्ट मागताना 'आयआरक्यूएफ_नो_सस्पेंड' हा फ्लॅग लाव. सस्पेंडमध्येही तो इंटरप्ट चालू राहतो. मी एका जुन्या प्रोजेक्टमध्ये हेच केलं होतं. हाकानाका.

---

शनवारातली (बुधवार, सकाळी ९.०५)

चढती कड, कृपा करून हा सल्ला कुणाला देऊ नका. कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये सस्पेंड आणि इंटरप्ट यांवर वेगळं पान आहे, त्यात याच गैरसमजावर चांगले परिच्छेद खर्च केलेत.

सस्पेंड होताना कर्नल एका टप्प्यावर सगळ्या उपकरणांचे इंटरप्ट बंद करतो. 'लेट' टप्पा संपला की आणि 'नोआयआरक्यू' टप्पा सुरू व्हायच्या आधी. नो_सस्पेंड फ्लॅगचा अर्थ इतकाच, की 'त्या झाडणीतून याला वगळा'. टायमरसारख्या मोजक्या गोष्टींसाठी तो आहे. त्यानं सिस्टिम उठेल याची हमी अजिबात मिळत नाही. उठवायचं असेल तर 'एनेबल_आयआरक्यू_वेक' लागतं. ते इंटरप्ट कंट्रोलरला जाऊन सांगतं, की बाबा रे, झोपेतसुद्धा ही तार ऐकत राहा. दोन्ही वेगळी कामं आहेत, आणि एकाच उपकरणासाठी एकाच इंटरप्टवर दोन्ही लावणं तर कधीच बरोबर नाही.

शिवाय कर्नलसाहेबांचा रोग हा नाहीच. 'एस२आयडलमध्ये उठतं, डीपमध्ये नाही' या एका वाक्यात निदान आहे. एस२आयडलमध्ये प्रोसेसरचे कोअर नुसते निवांत बसतात, चिपच्या बाकी भागांची वीज तशीच असते. डीपमध्ये चिपचे मोठाले भाग खरोखर विझवले जातात. तुमचा इंट१ ज्या बँकेवर आहे ती बँक डीपमध्ये विझत असणार. मेलेल्या बँकेला कितीही टिचक्या मारा.

चिपचं मॅन्युअल काढा आणि कोणती जीपीआयओ बँक 'ऑलवेज-ऑन' किंवा 'वेकअप' डोमेनमध्ये आहे ते बघा. बीगलबोन ब्लॅक या बोर्डावरच्या एएम३३५एक्स प्रोसेसरमध्ये चार बँका आहेत, त्यांतली फक्त जीपीआयओ० वेकअप डोमेनमध्ये. इंट१ जीपीआयओ१ वर आणि इंट२ जीपीआयओ० वर असं असेल, तर तुमची गोष्ट इथेच उलगडली.

---

बिनपगारी कर्नल (बुधवार, दुपारी १.३०)

ताई, दंडवत. माझा प्रोसेसर तो नाही, पण मॅन्युअलमध्ये शब्दशः हेच निघालं. इंट१ ची बँक डीपमध्ये विझते, इंट२ ची जागी राहते. म्हणजे सर्किटवाल्यानं विचार करूनच दोन तारा ओढल्या होत्या. त्याला मी तीन आठवडे मनात शिव्या घालत होतो.

पण मग प्रश्न असा, की दोन्ही इंटरप्ट दिलेले असताना कर्नलनं इंट१च का धरला?

---

शनवारातली (बुधवार, दुपारी २.१०)

कारण तुम्ही त्याला नाव सांगितलं नाहीत.

आय-टू-सी कोअरचा (कर्नलमधला आय-टू-सीचा सामायिक कोड) प्रोब, म्हणजे उपकरण जोडून घेणारा, फंक्शन वाचा, पानभराचाच आहे. 'आयआरक्यू' नावाचा इंटरप्ट आहे का ते तो आधी बघतो. नसला तर यादीतला पहिला उचलतो. वेकअप-सोर्स असेल तर 'वेकअप' नावाचा इंटरप्ट शोधतो. तो सापडला आणि मुख्य इंटरप्टपेक्षा वेगळा असला, तर त्याला खास उठवण्याचा इंटरप्ट म्हणून नोंदवतो. नाही सापडला तर मुख्य इंटरप्टलाच उठवण्याचं कामही देऊन टाकतो. तुमच्या नोडमध्ये नावंच नाहीत, तेव्हा पहिला तो मुख्य आणि मुख्य तोच उठवणारा. विझलेला इंट१.

आमच्या वाड्याच्या दाराला विजेची बेल होती आणि जुनी कडीही. वीज गेली की बेल मुकी. बाहेरच्याला ते कसं कळणार? तो बिचारा बटण दाबत उभा. शेवटी आजोबांनी पाटी लावली, 'वीज नसल्यास कडी वाजवावी. एकदाच.' इंटरप्टना नावं देणारी इंटरप्ट-नेम्स ही प्रॉपर्टी म्हणजे ती पाटी आहे.

---

ओली भेळ (बुधवार, दुपारी २.२५)

'एकदाच.' _/\_

---

तळ्यातमळ्यात (बुधवार, संध्या. ६.४०)

मी हार्डवेअरवाला, कर्नलचं मला कळत नाही (आमच्या घरी कर्नल म्हटलं की मिशीवाला माणूसच डोळ्यांपुढे येतो). पण वाड्याच्या दाखल्यात एक भोक आहे. कडी वाजली तरी ऐकायला आत कुणीतरी जागं हवं. सगळं घर गाढ झोपलंय, मग ऐकतो कोण?

---

शनवारातली (बुधवार, रात्री ८.१५)

ओसरीवर झोपणारी आजी! तिची झोप सावध. ती उठते, दिवा लावते, मग बाकीच्यांना हलवते.

चिपमध्ये अशी आजी सहसा असतेच. एएम३३५एक्समध्ये मोठा कोअर कॉर्टेक्स-ए८ आणि आजी म्हणजे एक चिमुकला कॉर्टेक्स-एम३, लिनक्स त्याला वेगळं फर्मवेअर चढवतो. क्वालकॉमच्या चिपांत पीडीसी नावाचा ब्लॉक हे काम करतो, आय.एमएक्समध्ये जीपीसी. मुख्य इंटरप्ट कंट्रोलर झोपला की हे ठरावीक तारा ऐकत राहतात. ठरावीकच, सगळ्या नाही. म्हणून तर कोणती तार आजीच्या कानापर्यंत जाते हे लिहून ठेवावं लागतं.

---

नळस्टॉप (बुधवार, रात्री ९.००)

थोडं अवांतर, चालेल का? माझा लॅपटॉप झाकण मिटून बॅगेत टाकला तरी मेट्रोत वनाझ ते रामवाडी जाईपर्यंत भट्टी होतो. मीही लिनक्सच वापरतो. हेच प्रकरण आहे का?

---

चढती कड (बुधवार, रात्री ९.२०)

@नळस्टॉप, भाऊबंदच, फक्त लॅपटॉपमध्ये डिव्हाइस ट्रीऐवजी हार्डवेअरची माहिती देणारं एसीपीआय असतं. /प्रोक/एसीपीआय/वेकअप ही फाइल वाच, कोणकोणती उपकरणं उठवायला मोकळी आहेत त्याची यादी मिळेल. बॅगेतून उठला की /सिस/पॉवर/पीएम_वेकअप_आयआरक्यू वाच. त्यात ज्या इंटरप्टनं उठवलं त्याचा नंबर असतो. तो /प्रोक/इंटरप्ट्सशी ताडून बघ, चोर सापडतो. बऱ्याचदा यूएसबी कंट्रोलर निघतो. मग त्या उपकरणाच्या पॉवर/वेकअप फाइलीत 'डिसेबल्ड' लिही.

(सकाळच्या सल्ल्याबद्दल क्षमस्व. त्या जुन्या प्रोजेक्टमध्ये नक्की काय चालू होतं, याची आता धास्ती वाटतेय.)

---

बिनपगारी कर्नल (गुरुवार, रात्री १.०५)

भोसरीला गुरुवारची सुट्टी, म्हणून जागरण परवडलं. नोड असा केला:

इंटरप्ट्स-एक्स्टेंडेड = <&जीपीआयओ१ १६ ४>, <&जीपीआयओ० ७ १>;
इंटरप्ट-नेम्स = "आयआरक्यू", "वेकअप";
वेकअप-सोर्स;

(बँका वेगळ्या म्हणून साध्या इंटरप्ट्सऐवजी एक्स्टेंडेड. शेवटचा आकडा तार कशी वाचायची त्याचा: १ चढती कड, २ उतरती, ४ उच्च पातळी, ८ नीच पातळी.)

आणि आता बोर्ड चालू होतानाच ड्रायव्हर उताणा पडतोय. प्रोबमध्ये एरर, उणे १६. आधी निदान एस२आयडलमध्ये तरी उठत होतं.

---

ओली भेळ (गुरुवार, रात्री १.११)

हा कोड देवनागरीत वाचताना भीमरूपीच्या चालीवर बसतोय. झोपा आता.

---

शनवारातली (गुरुवार, सकाळी ८.५०)

उणे १६ म्हणजे 'ईबिझी'. चला, खरा रोग आता वर आला.

'वेकअप' हे नाव दिसलं की आय-टू-सी कोअर 'डीईव्ही_पीएम_सेट_डेडिकेटेड_वेक_आयआरक्यू' बोलावतो. ते फंक्शन नुसती नोंद करत नाही, तो इंटरप्ट स्वतःच्या नावावर मागून घेतं आणि बंद ठेवतं. झोपायची वेळ आली की तो चालू होतो, जागं झालं की पुन्हा बंद. आणि हे सगळं ड्रायव्हरच्या प्रोबच्या आधी घडतं. तुमच्या चिपचा ड्रायव्हर नंतर येतो आणि इंट२ स्वतःसाठी मागतो. सामायिक वापराचा फ्लॅग नाही, त्यामुळे कर्नल म्हणतो, जागा भरली.

ड्रायव्हरमध्ये 'दुसरा इंटरप्ट असेल तर माग' अशी ओळ असेल. शोधा.

---

बिनपगारी कर्नल (गुरुवार, सकाळी ११.२०)

आहे! हालचालीच्या घटनेसाठी तो इंडेक्स १ चा इंटरप्ट मागतोय.

आता पर्याय दोन दिसतात. एक, कोअरच्या नादाला न लागता नाव वेगळं ठेवायचं, 'इंट२' वगैरे, आणि ड्रायव्हरमध्ये स्वतःच एनेबल_आयआरक्यू_वेक करायचं. दोन, 'वेकअप' नाव ठेवायचं आणि ड्रायव्हरनं त्याला हात लावायचा नाही, फक्त झोपण्याआधी चिपच्या रजिस्टरमध्ये हालचालीची घटना इंट२ कडे वळवायची. तुम्ही काय कराल?

---

शनवारातली (गुरुवार, सकाळी ११.४५)

इंट२ चा उपयोग फक्त उठवण्यापुरता असेल तर दुसरा पर्याय, डोळे मिटून. जागेपणीही त्या पिनेवरून घटना हव्या असतील तर पहिला, पण मग कोणता इंटरप्ट उठवतो हे बाइंडिंगच्या वर्णनात स्वच्छ लिहा.

वेकअप-सोर्सच्या सामायिक डॉक्युमेंटमध्ये नियम असा आहे: ही प्रॉपर्टी नुसती आहे किंवा नाही एवढंच सांगते. कोणत्याच इंटरप्टवर उठवण्याची खूण नसेल तर ठरवणं उपकरणावर सोडलेलं. पण खास उठवण्याचा इंटरप्ट असेल तर तो नावानं दाखवलाच पाहिजे, आणि मग फक्त तोच उठवू शकतो. जुनी नावं आहेत तशी आहेत, नव्या उपकरणांनी 'वेकअप' हेच नाव वापरावं.

---

जुना मेकॅनिक (गुरुवार, दुपारी ४.३०)

'जुनी नावं' वाचून जखमेवरची खपली निघाली. एके काळी ही एकच गोष्ट प्रत्येक जण आपापल्या नावानं लिहायचा. बटणांसाठी 'जीपीआयओ-की,वेकअप'. कीपॅडवाल्यांचं 'लिनक्स,वेकअप', कुणाचं 'लिनक्स,इनपुट-वेकअप', कुणाचं 'एनव्हिडिया,वेकअप-सोर्स', एसडी कार्डवाल्यांचं 'एनेबल-एसडीआयओ-वेकअप'. २०१५ च्या सुमारास हे सगळं एका वेकअप-सोर्सखाली आणलं. पण जुनी नावं काढता येत नाहीत, कारण बाइंडिंग हा करार असतो. फ्लॅशमध्ये दहा वर्षांपूर्वी भाजलेला डिव्हाइस ट्री नव्या कर्नलवर चालायला हवा.

माझं लाडकं नाव 'आयसिल,आयआरक्यू२-कॅन-वेकअप-मशीन'. आरटीसीची (घड्याळाची) एक चिप, आयएसएल१२०५७. काही एनएएस डब्यांत (नेटवर्कवर फाइली साठवणारे डबे) तिची दुसरी इंटरप्ट पिन प्रोसेसरला जोडलेलीच नाही, ती थेट पॉवरच्या चिपकडे जाते. गजर झाला की डबा चालू होतो, पण लिनक्सला तो इंटरप्ट कधी दिसतच नाही. म्हणजे उठवण्याची ताकद आहे आणि दाखवायला इंटरप्ट नाही! तिथे नुसतं वेकअप-सोर्स लिहिणं बरोबरच आहे. म्हणून शनवारातलीबाईंच्या नियमाला एवढी तळटीप: नाव लिहा, पण तार असेल तर.

---

तळ्यातमळ्यात (गुरुवार, संध्या. ७.१०)

एक मूलभूत शंका. डिव्हाइस ट्रीनं हार्डवेअरचं वर्णन करायचं असतं ना? 'यानं उठवावं' ही तर इच्छा झाली. माझ्या बोर्डावर ग्राहक म्हणाला, हालचालीनं उठायला नको, तर मी डिव्हाइस ट्री बदलू?

---

जुना मेकॅनिक (गुरुवार, संध्या. ७.४५)

नाही. वेकअप-सोर्स म्हणजे 'उठवू शकतो', तार तशी ओढली आहे. 'उठवावं का' हे चालत्या सिस्टिममध्ये ठरतं, वर सांगितलेल्या त्याच पॉवर/वेकअप फाइलीत. कर्नलमध्येही फंक्शनं दोन आहेत, एक 'कॅन' विचारतं, दुसरं 'मे'.

मात्र व्यवहारात सगळं इतकं सोवळं नसतं हेही खरं. बोर्डावर तार असूनही कुणी वेकअप-सोर्स गाळतं, कारण त्यांना उठायला नको असतं. मग दुसऱ्या ग्राहकाच्या वेळी तेच लोक 'हार्डवेअर उठवत नाही' म्हणून रडतात. माझ्या मते हा डॉक्युमेंटचा गैरवापर आहे. पण रोज होतो.

---

चढती कड (गुरुवार, रात्री ८.०५)

गैरवापर म्हणणं जरा जास्त होतंय. उठवण्याची तार डळमळीत असेल, विजेचा गोंगाट पकडत असेल, तर ती प्रॉपर्टी न लिहिणं हेही हार्डवेअरचंच प्रामाणिक वर्णन आहे की.

---

जुना मेकॅनिक (गुरुवार, रात्री ८.२०)

तार डळमळीत असेल तर मान्य. 'ग्राहकाला नको' हे कारण असेल तर अमान्य. यापुढे चहावर.

---

बिनपगारी कर्नल (शनिवार, सकाळी १०.१५)

उठला!!

काल रात्री ड्रायव्हरमधली इंट२ ची मागणी काढली. सस्पेंडच्या फंक्शनमध्ये हालचालीची घटना इंट२ कडे वळवली, रिझ्यूममध्ये परत. डीपमध्ये घातलं, टिचकी मारली, आणि सीरियल कन्सोलवर अक्षरं सांडायला लागली. पीएम_वेकअप_आयआरक्यूमधला नंबर इंट२ चाच. खात्री म्हणून नोडमधून 'वेकअप' हे नाव काढून पुन्हा डीपमध्ये घातलं, तर परत दगड. नाव घातलं, उठला. एका शब्दासाठी तीन आठवडे.

सकाळी खऱ्या टँकरवर बसवून पाहिलं. टँकर निघाला की उठतो. शेजारून डंपर गेला तरी उठतो. तो उंबरठ्याचा (किती हालचालीला उठायचं तो) आकडा वाढवायचा मामला, कर्नलकडे त्याचं खापर नाही.

आता चिपच्या बाइंडिंगसाठी पॅच (कर्नलला पाठवायचा बदल) लिहिलाय. पाठवण्याआधी तुमच्या नजरेखालून जाऊ दे. वर्णनाचा मराठी गाभा असा:

'इंटरप्ट-नेम्स: पहिला "आयआरक्यू", दुसरा "वेकअप", किमान एक. "वेकअप" ही चिपची इंट२ पिन. वेकअप-सोर्स असताना हे नाव दिलेलं असेल, तर सिस्टिमला फक्त हीच पिन उठवते. मुख्य इंटरप्टची तार झोपेत विझणाऱ्या कंट्रोलरवर असेल अशा बोर्डांसाठी.'

---

शनवारातली (शनिवार, सकाळी ११.००)

अभिनंदन! दोन सुधारणा.

शेवटचं वाक्य काढा. कोणत्या बोर्डावर कंट्रोलर विझतो हे चिपच्या बाइंडिंगचं काम नाही, चिप कुठेही बसेल. ते कारण कमिट मेसेजमध्ये (पॅचसोबतच्या टिपणात) घाला, तिथे ते सोन्याचं आहे. एस२आयडलमध्ये उठत होतं आणि डीपमध्ये नाही, हे तिथे जरूर लिहा. पुढे कुणी तीच लक्षणं शोधत आला तर त्याला सापडेल.

दुसरं, ज्या बोर्डांवर फक्त इंट२ च जोडलेली आहे त्यांचं काय? 'किमान एक' म्हणालात, पण क्रम ठरवलात तर तो एक नेहमी 'आयआरक्यू' होणार. कोअरला एकटा 'वेकअप' चालतो, तो त्यालाच मुख्य धरतो. स्कीमात (बाइंडिंगच्या नियमांत) तो पर्याय मोकळा ठेवायचा की नाही हे आत्ताच ठरवा, नंतर करार बदलता येत नाही. आणि बाइंडिंगचा पॅच वेगळा, ड्रायव्हरचा वेगळा, बाइंडिंग आधी. बाइंडिंग तपासणारं डीटी_बाइंडिंग_चेक न चालवता पाठवलात तर यंत्रच पहिलं बोलणं खायला घालेल.

---

जुना मेकॅनिक (शनिवार, दुपारी १२.३०)

+१. आणि जुन्या डिव्हाइस ट्रीत नावं नसतील तर ड्रायव्हरनं पूर्वीसारखं इंट२ मागत राहायला हवं. मागणी सरसकट काढलीत असं वाटतंय. दुसऱ्या कुणाचा बोर्ड मोडेल.

---

बिनपगारी कर्नल (शनिवार, दुपारी १२.४०)

अरे देवा. सरसकटच काढली होती. आता 'वेकअप' नाव असेल तरच सोडायची, नाहीतर जुनीच वाट, असं करतो.

एकट्या इंट२ चा पर्याय मोकळा ठेवतोय. सर्किटवाल्याला फोन करून विचारलं, तो म्हणाला पुढच्या बोर्डात पिना वाचवायला इंट१ काढूनच टाकणार आहे.

---

नळस्टॉप (शनिवार, दुपारी १.०५)

यूएसबी कंट्रोलरच निघाला हो! माउसचा डोंगल लॅपटॉपलाच लावलेला राहायचा आणि माउस बॅगेत घुसळायचा. चढती कड, धन्यवाद. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).